पाळक नव्हे, ब्रदर

मुलगा हुशार निघाला, प्रार्थनेला पुढे येऊ लागला, की मंडळीतले वडीलधारे म्हणतात, “हा पुढे पाळक होणार.” “हा शब्बाथशाळेचा शिक्षक होणार,” असे कौतुकाने म्हटलेले क्वचितच कानी येते. शिकवणे ही जणू पायरी आणि उपदेशपीठ हा मुक्काम. हा क्रम देवाने लावला की आपण?

या प्रश्नाचे उत्तर एका रोमन कॅथॉलिक ब्रदरने आपल्या आयुष्याने दिले. दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशात १८५४ साली फ्रान्सिस्को फेब्रेस कोर्देरो यांचा जन्म एका नामांकित घराण्यात झाला. पाय जन्मतःच अधू. ला साल ब्रदरांच्या शाळेत शिकत असता आपणही ब्रदर व्हावे असे त्यांच्या मनाने घेतले. घरच्यांना हे रुचेना. देवाच्या सेवेला जायचेच तर निदान धर्मगुरू तरी व्हावे, मास्तरकी कसली! पण मुलगा बधला नाही. १८६८ मध्ये तो ब्रदर मिगेल झाला.

ब्रदर म्हणजे धर्मगुरू नव्हे, हे आपल्या वाचकांनी ध्यानात घ्यावे. या संघाचे संस्थापक ला साल (१६५१–१७१९) स्वतः धर्मगुरू होते. तरी ब्रदरांनी ती दीक्षा घेऊ नये असा दंडक त्यांनीच घातला. वेदीची ओढ लागली की वर्ग सुटतो, हे त्यांनी ओळखले असावे. वर चढण्याची शिडीच काढून घेतली, म्हणजे माणूस मुलांजवळ राहतो.

मिगेल क्विटो शहरात तीस वर्षांहून अधिक काळ राहिले. त्यांनी लिहिलेली पाठ्यपुस्तके देशभर चालली. १८९२ मध्ये तेथील भाषा अकादमीने त्यांना सभासद करून घेतले. एवढा मान मिळूनही लहान मुलांना पहिल्या प्रभुभोजनासाठी तयार करण्याचा वर्ग त्यांनी आवडीने चालवला. १९०७ मध्ये त्यांना युरोपात पाठवण्यात आले. १९१० मध्ये स्पेनमध्ये ते वारले. रोमने १९८४ मध्ये त्यांना संत ठरवले. आपण संतांचा धावा करीत नाही, आणि ब्रह्मचर्याने सेवा अधिक पवित्र होते असेही मानीत नाही. पेत्राला सासू होती, तेव्हा बायकोही होतीच! पण मतभेद आहे म्हणून माणसाची साक्ष नाकारायची काय?

मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात प्रभूने शिष्यांना गुरुजी म्हणवून घेण्यास मना केले आणि तुम्ही सर्व भाऊ आहात असे सांगितले. ‘ब्रदर’ हा शब्द त्या वचनाशेजारी ठेवून पाहावा.

मात्र एक अडचण आहे, ती झाकू नये. मिगेल क्विटोत शिकवत होते त्याच काळात, १९०६ मध्ये, सयाजीराव महाराजांनी आपल्या बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. सक्ती आली म्हणजे गावोगाव मास्तर हवेत, आणि मास्तर म्हटले की त्याचे घर, त्याचा पगार आलाच. ब्रदरला त्याचा संघ जेवू घालतो. कारेलीबागेतल्या शिक्षकाला भाडे आहे, मुलांची फी आहे. संध्याकाळी शिकवण्या करून तो रविवारी सकाळी शब्बाथशाळेत उभा राहतो. ‘पाचारण’ या शब्दाखाली त्याला फुकट राबवायचे आणि वर त्यागाची स्तुती करायची, हे मंडळीला शोभत नाही. त्यागाचे व्रत ज्याचे त्याने घ्यायचे असते. मंडळाच्या सभेत ठराव करून ते दुसऱ्यावर लादता येत नाही. वार्षिक अंदाजपत्रकात शब्बाथशाळेपुढे कोणता आकडा लिहिला आहे, तो येत्या सभेत मोठ्याने वाचला जावा.