ध्रुवावरची वहिवाट

स्वालबार्ड द्वीपसमूहाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ७९ अक्षांशाच्या किंचित अलीकडे, न्यी-ओलेसुन नावाचे नॉर्वेजियन गाव आहे. गावाच्या कडेला एक जुनी इमारत आहे. कोळशाच्या खाणीतून पाळी संपवून आलेले कामगार तिथे अंघोळ करीत. आता तिथे हवा आत ओढणारी उपकरणे बसवली आहेत आणि त्या हवेत धूलिकण किती, काजळी किती, हे मोजले जाते. इटलीची यंत्रे आहेत, भारताचीही आहेत. माणसांच्या अंगावरची कोळशाची भुकटी जिथे धुतली जाई, तिथे दूरच्या देशांतून वाऱ्याबरोबर आलेल्या काजळीचा हिशेब ठेवला जातो.

उद्योगाने निसर्ग ओरबाडला, मग विज्ञान आले आणि सगळे सोज्वळ झाले, अशी गोष्ट या इमारतीवरून सहज रचता येईल. ती वाचायलाही बरी वाटते. मला ती पटत नाही. या गावात खाण ज्या कामासाठी चालवली गेली, बव्हंशी त्याच कामासाठी पुढे प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. ते काम म्हणजे वहिवाट. बांधाच्या भांडणात अर्धे आयुष्य कोर्टात घालवलेल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. सातबाऱ्यावर नुसते नाव असून भागत नाही, जमिनीवर आपला माणूस दिसावा लागतो.

स्वालबार्डला मूळ रहिवासी नाहीत. १५९६ मध्ये डच खलाशी विलेम बारेन्ट्सने ही बेटे पाहिली. पुढच्या शतकात डचांनी आणि इंग्रजांनी किनाऱ्यावर देवमाशांची चरबी उकळली. देवमासे सरले तशी माणसेही निघून गेली. विसावे शतक उजाडले तरी ही बेटे कायद्याने कोणाचीच नव्हती. खुंट्या रोवायच्या, पाटी ठोकायची आणि ‘हे आमचे’ म्हणायचे, असा कारभार. मिशिगनच्या जॉन लाँगयिअरने १९०६ मध्ये इथे कोळशाची अमेरिकन कंपनी काढली. अर्नेस्ट मॅन्सफिल्ड या इंग्रजाची कथा त्याहून रंगतदार. न्यी-ओलेसुनसमोर, खाडीच्या पलीकडे, त्याला संगमरवर दिसला. लंडनमध्ये भांडवल गोळा झाले, यंत्रे आणि घरे जहाजातून आली, वस्तीला न्यू लंडन हे नाव पडले. पण युगानुयुगे गोठून-वितळून दगडाला आतून तडे गेलेले होते. बर्फाचा आधार सुटला की त्याचा चुरा. यंत्रांचे सांगाडे अजून तिथे गंजत उभे आहेत. या साऱ्या इतिहासात मला मॅन्सफिल्डच सर्वांत सरळ माणूस वाटतो. त्याला फक्त पैसा हवा होता.

न्यी-ओलेसुनचा कोळसा नॉर्वेच्या ओलेसुन शहरातल्या व्यापाऱ्यांनी घेतला. १९१६ मध्ये त्यांनी किंग्ज बे ही कंपनी स्थापली आणि पुढच्या वर्षी खाण सुरू केली. महायुद्धामुळे कोळशाला सोन्याचा भाव होता. युद्ध संपल्यावर भाव उतरले, पण तोवर बेटांचे राजकारण तापले होते. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये स्वालबार्डचा करार झाला. सार्वभौमत्व नॉर्वेचे, मात्र करारातल्या सर्व देशांच्या नागरिकांना तिथे मासेमारीचा, शिकारीचा, खाणकामाचा सारखा हक्क. तिथला कर तिथेच खर्च करायचा आणि लष्करी तळ कोणी उभारायचा नाही. या करारात भारताचेही नाव आहे. सही अर्थात ब्रिटनच्या पॅरिसमधल्या राजदूताने, लॉर्ड डर्बीने केली. आर्यांचे मूळ वसतिस्थान ध्रुवप्रदेशात होते, हे वेदांतल्या दीर्घ उषांवरून सिद्ध करू पाहणाऱ्या टिळकांचे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निधन झाले. त्यांची ती उपपत्ती आज टिकत नाही. आर्क्टिकमध्ये भारतीयांना मिळालेला खराखुरा हक्क मात्र इंग्रज उमरावाच्या सहीने मिळाला.

सगळ्यांना सारखा हक्क म्हणजे मालकाला सतत धास्ती. सोव्हिएत संघाने १९३२ मध्ये डचांकडून बारेन्ट्सबर्गची खाण विकत घेतली आणि १९३५ मध्ये करारातही प्रवेश केला. शीतयुद्धाच्या काळात नॉर्वेच्या या बेटांवर नॉर्वेजियनांपेक्षा सोव्हिएत माणसे जास्त राहत. अशा परिस्थितीत न्यी-ओलेसुनची खाण तोट्यात आहे का, हा प्रश्न गौण ठरला. १९२९ मध्ये ती बंद पडली होती, कंपनी सरकारच्या ताब्यात गेली होती. १९४५ मध्ये ती पुन्हा उघडली. युद्धानंतरच्या टंचाईत कोळसा हवा होता, हे खरे. पण टंचाई सरली तरी खाण सरली नाही. खाणीत वायू साचे, स्फोट होत, माणसे मरत आणि काम पुन्हा सुरू होई.

५ नोव्हेंबर १९६२ च्या स्फोटात २१ जण मेले. काहींचे मृतदेह आजही डोंगराच्या पोटातच आहेत. खाण सरकारी असल्यामुळे प्रकरण थेट संसदेत गेले. सुरक्षेकडे दुर्लक्ष केले आणि संसदेला नीट माहिती दिली नाही, असा सरकारवर ठपका आला. ऑगस्ट १९६३ मध्ये ७६ विरुद्ध ७४ मतांनी अविश्वासाचा ठराव मंजूर झाला आणि युद्धोत्तर काळात सलग राज्य करणाऱ्या मजूर पक्षाला पायउतार व्हावे लागले. यॉन लिंग यांचे नवे सरकार जेमतेम महिनाभर टिकले आणि आयनार गेर्हार्डसेन परत आले. ध्रुवाजवळच्या खेड्यातल्या अपघाताने ऑस्लोचे सरकार पडावे, हे आपल्याला नवलाचे वाटेल. आपल्याकडच्या खाणींत माणसे मेल्यावर सरकारे पडत नाहीत.

खाण बंद झाली, पण गाव ओस पडू देणे नॉर्वेला परवडणारे नव्हते. १९६७ मध्ये युरोपीय अवकाश संशोधन संघटनेचे उपग्रहांशी संपर्क साधणारे केंद्र तिथे सुरू झाले. याचा लष्करी उपयोग होईल, अशी हरकत सोव्हिएत संघाने घेतलीच. मग नॉर्वेची ध्रुवीय संस्था आली आणि तिच्यामागून इतर देश. गंमत म्हणजे कंपनी तीच राहिली. कोळसा काढणारी किंग्ज बे आता शास्त्रज्ञांना घरे भाड्याने देते, वीज पुरवते, जेवू घालते. सगळ्या देशांचे लोक एकाच भोजनगृहात जेवतात. जवळच्या रेडिओ दुर्बिणीला अडथळा नको म्हणून गावात वायफाय आणि ब्लूटूथ बंद. गावाची वेस ओलांडायची तर ध्रुवीय अस्वलांच्या भीतीने बंदूक खांद्यावर हवी. खाणीची छोटी आगगाडी तेवढी शोभेला ठेवलेली आहे. अमुंडसेनचे ‘नॉर्गे’ हे हवाई जहाज १९२६ मध्ये ध्रुवाकडे जाताना ज्या मनोऱ्याला बांधले होते, तोही उभा आहे. पर्यटक बहुधा त्याच्यासाठीच उतरतात.

जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन, इटली, जपान, दक्षिण कोरिया अशी रांग लागली. चीनने २००४ मध्ये आपले केंद्र उघडले आणि दाराशी दगडी सिंहांची जोडी बसवली. हवेचे नमुने घ्यायला सिंह लागत नाहीत. नॉर्वेलाही ते खटकत असावे. २०१९ मध्ये त्या सरकारने न्यी-ओलेसुनसाठी जे धोरण आणले, त्याचा रोख हाच आहे की संशोधन विषयवार आणि एकत्र करा, आपापल्या देशाचे तळ म्हणून मिरवू नका. यजमान कोण, हे पाहुण्यांना आठवून देण्याची ही सभ्य रीत.

मग हे विज्ञान खोटे का? अजिबात नाही. हेतू उसना असला तरी मोजमाप खरे असू शकते. दक्षिण ध्रुवाकडचे उदाहरण बोलके आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने ‘टॅबरिन’ या गुप्त मोहिमेखाली अंटार्क्टिकात माणसे ठेवली. मुख्य चिंता अर्जेंटिनाच्या दाव्याची होती. त्या मोहिमेतूनच पुढे ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे ही संस्था घडली. तिच्या हॅली केंद्रावर १९५० च्या दशकापासून ओझोन मोजला जात होता. वर्षानुवर्षे त्यातून खळबळजनक काहीच निघाले नाही. १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँक्लिन यांनी ओझोनला पडलेले भगदाड जगापुढे मांडले, ते त्या कंटाळवाण्या नोंदींच्या जोरावर. विज्ञानाच्या एखाद्या समितीने तीस वर्षे एकाच आकड्यासाठी पैसे दिले असते का? मला शंका आहे. वहिवाटीला मात्र सातत्य लागतेच. राजकारण्यांना खुर्ची कोणी बळकावू नये एवढेच हवे असते. त्या खुर्चीवर बसलेल्या शास्त्रज्ञाला त्यातून तीस वर्षांची नोंदवही मिळून जाते.

भारताचा प्रवासही याच वाटेने झाला. अंटार्क्टिकाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत यावा, यासाठी नेहरूंच्या काळात, १९५६ मध्ये, भारताने प्रयत्न केला होता. मूठभर देशांनी खंड वाटून घेऊ नये, ही भूमिका. तो प्रयत्न फसला. १९५९ चा अंटार्क्टिक करार झाला आणि त्याने निर्णयाच्या बैठकीत बसण्यासाठी अट घातली ती भरीव वैज्ञानिक कार्याची. मग भारताने अट पुरी केली. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्यातल्या मुरगाव बंदरातून फारसा गाजावाजा न करता निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. सप्टेंबर १९८३ मध्ये भारत मताधिकार असलेला सदस्य झाला. उत्तरेत न्यी-ओलेसुनचे ‘हिमाद्री’ केंद्र २००८ मध्ये सुरू झाले, २०१३ मध्ये आर्क्टिक परिषदेचे निरीक्षकपद मिळाले, डिसेंबर २०२३ पासून हिवाळ्यातही तिथे माणसे राहू लागली.

आपल्याकडे या खर्चाचे समर्थन मॉन्सूनच्या नावाने होते. ते अगदीच वरवरचे नाही. कारा समुद्रातले उन्हाळी बर्फ घटणे आणि हंगामाच्या शेवटी मध्य भारतात होणारी अतिवृष्टी यांचा संबंध असू शकतो, असे गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडले. ‘असू शकतो’ हे शब्द त्यांचे. बातम्यांत ते गळून पडतात. हे केंद्र वास्कोच्या हेडलँड सडा भागात आहे आणि त्याच्या जवळच मुरगाव बंदर आहे, जिथे जहाजांतून दगडी कोळसा उतरतो. घरात, ताटात कोळशाची धूळ येते, ही वास्कोकरांची जुनी तक्रार. कोळशाच्या काजळीसाठी आर्क्टिकपर्यंत जाणाऱ्या देशाने वास्कोतल्या गच्च्यांवरही तितक्याच चिकाटीने, तितकीच वर्षे यंत्रे ठेवावीत, अशी अपेक्षा गैर नाही. पण तिथे वहिवाट सिद्ध करायची नसते, म्हणून घाई नसते.

आज स्वालबार्डवरची नॉर्वेची शेवटची खाणही, लाँगयिअरबीनची सात नंबरची, बंद झाली आहे. २०२५ च्या जूनअखेर तिचे काम थांबले. भांडण मात्र जमिनीवरून समुद्राच्या तळाकडे सरकले आहे आणि ते एका खेकड्यावरून पेटले. लाटव्हियाच्या एका कंपनीने करारातला समान हक्क दाखवून स्वालबार्डभोवतीच्या समुद्रतळावरचे हिमखेकडे पकडण्याची परवानगी मागितली. खेकडा तळाला धरून राहतो, म्हणून कायद्याने तो तळाच्या संपत्तीत मोडतो. त्यामुळे जो नियम खेकड्याला, तोच तेलाला आणि खनिजांना. मार्च २०२३ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की समान हक्क बेटांच्या बारा सागरी मैलांपलीकडे लागू नाही. हा निकाल नॉर्वेच्या न्यायालयाचा आहे. करारातल्या सर्व देशांनी तो मान्य केलेला नाही. उद्या हा वाद आंतरराष्ट्रीय न्यायासनापुढे गेला, तर त्याचे पडसाद भारताच्या हक्कांवरही उमटतील. हिमाद्रीत राहून खाडीच्या पाण्याचे तापमान नोंदवणाऱ्या संशोधकाला या खेकड्याशी कर्तव्य नसेल. त्याच्या मुक्कामाचा खर्च मंजूर करणाऱ्या दिल्लीतल्या अधिकाऱ्याला ते असावे, अशी माझी समजूत आहे.