कवडशांचं छप्पर

जरा बसा.

पाय जमिनीला लागू द्या. हात मांडीवर सैल राहू द्यात. डोळे मिटायची घाई नको, आधी वर बघायचं आहे.

वर छप्पर आहे. गवताचं, पातळ. इतकं पातळ, की ऊन त्यातून गाळून खाली येतं.

आपण हुगळीच्या पश्चिम काठावर आहोत. पलीकडे कोलकाता, इकडे शिबपूरची बाग. रॉबर्ट किड यांनी १७८७ साली ती सुरू केली. आज तिला आचार्य जगदीशचंद्र बसूंचं नाव आहे. आपण मनानंच इथं आलो आहोत, म्हणून काळही आपल्या मर्जीचा: एकोणिसावं शतक सरत आलं आहे.

बागेतल्या प्रसिद्ध वडाकडे आज जायचं नाही. तिथं सगळेच जातात. आपण या रोपघरात बसू.

लोखंडी सांगाडा. त्यावर तारेची जाळी. जाळीवर गवताचा हलका थर. बाजूंनी वारा येतो आणि जातो. काच कुठंच नाही.

एक श्वास घ्या. ओल्या गवताचा वास येतो. शेवाळाचा येतो. भिजलेल्या विटेचाही येतो.

सोडा तो श्वास.

तुमच्या मनात एक प्रश्न असेल. घरामागे थोडी जागा आहे, तिथं काय बांधावं? काचघर? लाकडी खोली? खांबांवरचा मांडव? की नुसती शेडनेट? प्रश्न चांगला आहे. तो शेजारी ठेवून द्या. उत्तर आत्ता नको.

आत्ता हातावर बघा. एक कवडसा पडला आहे.

तो गोल आहे. वर गवताच्या फटी वाकड्यातिकड्या आहेत, तरी तो गोल आहे. कारण तो सूर्याचंच चित्र आहे. बारीक फटीतून सूर्य आपली आकृती खाली सोडतो. ग्रहणाच्या दिवशी हेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात.

म्हणजे तुमच्या तळहातावर आत्ता सूर्य आहे, आणि तो भाजत नाही.

थांबा इथं. एकाच कवडशापाशी थांबा.

तो सरकतो आहे. दिसतो का सरकताना? दिसत नाही. पण मघाशी तो अंगठ्यापाशी होता.

पुन्हा एक श्वास.

आता कवडशाच्या शेजारी बघा. ओंडक्यावर बांधलेलं ऑर्किड आहे. खासी टेकड्यांतलं. तिकडच्या रानात ते झाडाच्या फांदीवर राहतं. अंगावर पानांची सावली, मुळांभोवती दमट हवा. त्याला ऊन हवं असतं, पण दुसऱ्या कुणाच्या तरी पानांतून आलेलं. इथं ते काम गवत करतं.

याच डोंगरांतून जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्यानं १८३६ साली ऑर्किडं गोळा केली. इंग्लंडातल्या एका ड्यूकनं त्याला झाडं आणायला कोलकात्याला धाडलं होतं. परतताना त्यानं या बागेतून उर्वशीचं रोपही नेलं. मुंबईकरांना राणीच्या बागेत फुललेलं दिसतं, तेच हे लालबुंद झुंबरांचं झाड. तिकडे चॅट्सवर्थला, त्या ड्यूकच्या बागेत, जोसेफ पॅक्स्टन एक अवाढव्य काचघर बांधत होता. १८४० च्या सुमारास ते पुरं झालं. जमिनीखाली आठ बॉयलर, त्यांत धगधगता कोळसा, आणि वर काचेखाली उष्ण देशांतली झाडं.

ती थंडी मनात आणून बघा. बाहेर बर्फ. काचेवर वाफ. खाली कोणी फावड्यानं कोळसा ओढतो आहे.

तिथल्या थंडीत ते घर बरोबरच होतं.

आता तेच काचघर उचलून इथं आणा, वैशाखातल्या कोलकात्यात. दार लावून घ्या. आत उभे राहा.

किती वेळ राहता येईल?

या बाहेर. परत गवताखाली या. मानेवरून वारा जाऊ द्या.

मला हा वारा फार मोलाचा वाटतो. उन्हाळ्यात तो दक्षिणेकडून, समुद्राकडून येतो. कोलकात्यात घर शोधणारा माणूस आधी विचारतो, दक्षिण मोकळी आहे का? आपल्याकडे दक्षिणेला दार नको म्हणणारे पुष्कळ. तिथं दक्षिणेची खिडकी म्हणजे संध्याकाळची झोप.

झाडालाही तेच हवं असतं. डोळे मिटून गालावर शोधा: कुठून येतो आहे वारा?

सापडला की तिकडे तोंड करून बसा.

या काठानं खाली गेलं, की हावड्यातल्या खेड्यांत आणि पुढे मेदिनीपुरात तमलूककडे पानाचे बोरोज दिसतात. बांबूच्या मेढी, तागाच्या काठ्यांचा कूड, वर काठ्यांचं आणि गवताचं ठेंगणं छप्पर. आत विड्याच्या पानांचे वेल. आपल्याकडच्या पानमळ्यात शेवरी आणि शेवगा सावली धरतात, तिथं ती काठ्या धरतात. जुन्या रीतीनं आत जाताना पायातलं बाहेर काढून ठेवतात.

तुम्हीही काढा. वाका. आत या.

अंधार नाही, उजेडही नाही. हिरवट काहीतरी आहे, मधलं. पायाला माती गार लागते. माणसाच्या उंचीएवढंच हे घर. बाग म्हणून कोणी ते दाखवायला नेत नाही. बागेतल्या बांधकामाबद्दल मला जे कळतं, त्यातलं बरंचसं या घरात आहे: आधी वेल, मग त्याच्या मापाचं छप्पर.

इथं थोडं जास्त थांबू.

श्वास आत.

श्वास बाहेर.

दूर वायव्येला आभाळ काळं होतंय. कालबैशाखी. आधी धूळ, मग थंड झोत, मग टपोरे थेंब. ऐका. गवत सळसळतं. काठ्या करकरतात. वारा फटींतून शिरतो, फटींतूनच निघून जातो.

कधी तो इतक्यावर थांबत नाही. ५ ऑक्टोबर १८६४ च्या चक्रीवादळात शिबपूरच्या बागेतली निम्म्याहून जास्त झाडं पडली. तीन वर्षांनी दुसरं वादळ आलं, उरलेल्यांतलीही शेकडो गेली. झाडांबरोबर त्यांच्या सावल्या गेल्या आणि सावलीत जगणारं सारं उघड्यावर आलं. १८७१ साली जॉर्ज किंग यांनी बाग हाती घेतली ती अशी, उन्हात पडलेली. त्यांच्या देखरेखीखाली गवताखालची रोपघरं उभी राहिली.

उघडी पडलेली ती जमीन क्षणभर बघा. भर दुपार. एकही कवडसा नाही, कारण सगळीकडे ऊनच आहे.

आता तिच्यावर हळूहळू गवत अंथरा. एक पेंढी. दुसरी. मध्ये फट राहू द्या.

पडला कवडसा?

आता शेजारी ठेवलेला प्रश्न उचला. मघापेक्षा हलका लागतो का बघा.

तुमच्या जागेत मनानं जा. भर दुपारी. तिथं उभे राहा आणि विचारा: इथं कोण राहणार आहे? नेचा, ऑर्किड, की मोगरा? मोगऱ्याला छप्पर नको, त्याला ऊन हवं. त्याला तसंच सोडा. की राहणार आहात तुम्हीच, संध्याकाळी, चहाचा कप घेऊन? मग खांब आणि वर मधुमालती, एवढं पुरे. थंड हवेच्या गावात असाल, पहाटे गवतावर हिम धरत असेल, तर काच तुमच्या कामाची आहे. कोकणात असाल, तर उतार जास्त ठेवा. आषाढ पातळ छपरात मुक्काम करतो.

नेमकं कळत नसेल, तर बांधू नका. चार काठ्या रोवा. त्यांच्यावर जुनं सुती लुगडं ताणा. पश्चिमेला एक ताटी उभी करा, कलत्या उन्हाला. वाऱ्याची बाजू मोकळी ठेवा.

मग रोज दुपारी त्याखाली बसा. काही ठरवायचं नाही. हात पुढे करायचा आणि किती ऊन हातावर येतं ते बघायचं. जास्त वाटलं तर लुगड्याची आणखी एक घडी. कमी वाटलं तर एक घडी उलगडा. बाजारात शेडनेट पन्नास टक्के सावलीची मिळते, पंचाहत्तरचीही मिळते. कोणती मागायची ते तुमच्या हाताला तोवर कळलेलं असेल.

काठ्यांच्या दोऱ्या मात्र रोज संध्याकाळी तपासा. वळीव सांगून येत नाही.