निष्ठा आणि जिभेचा संयम

काही वर्षांपूर्वी डिंडोलीतील एका चौकसभेत वक्त्याने विरोधकांना उद्देशून विचारले, "हातात बांगड्या भरल्या आहेत काय?" सभा हसली. वक्ता माझ्याच पक्षाचा असल्याने मीही टाळी वाजविली. परतताना शेजारच्या वहिनी एवढेच म्हणाल्या, "भाऊ, आमच्या बांगड्यांनी तुमचं काय बिघडवलं?" खानदेशातून पोटासाठी सुरतेस आलेल्या आमच्या वस्तीत कितीतरी स्त्रिया घरी बसून साड्यांचे धागे कापतात, टिकल्या लावतात. त्या मजुरीवर घराचा गाडा चालतो. ते हात भ्याडपणाची खूण कसे ठरले, याचे उत्तर मजपाशी नव्हते. हेच वाक्य विरोधी व्यासपीठावरून आले असते, तर मात्र मी निषेध केल्यावाचून राहिलो नसतो.

हा दुटप्पीपणा माझ्या एकट्याचा नव्हे. मे 2022 मध्ये भाजपचे चंद्रकांत पाटील यांनी सुप्रिया सुळे यांना घरी जाऊन स्वयंपाक करण्यास सांगितले. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत ठाकरे गटाचे खासदार अरविंद सावंत यांनी शायना एन. सी. यांच्या उमेदवारीविषयी बोलताना 'इम्पोर्टेड माल' असे शब्द वापरले. दोघांनीही पुढे खेद व्यक्त केला. परंतु निषेध आणि समर्थन यांची विभागणी दोन्ही वेळा बव्हंशी पक्षांप्रमाणेच झाली. शब्द तोलण्याआधी आपण बोलणाऱ्याचा झेंडा पाहतो.

या प्रश्नाचा एक जुना धागा सुरतेशी जुळलेला आहे. 1881 साली विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेस नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल येथील न्यायालयाने फाशी सुनावली; पुढे ती शिक्षा सौम्य झाली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीच्या नीतीवर शिंतोडे उडविले गेले. त्यास उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिले. जो दोष स्त्रीच्या माथी मारता, तो पुरुषांत नाही काय, असा त्यांचा सवाल होता. पुस्तकाची भाषा जहाल होती, आणि सत्यशोधकांच्या गोटातूनही त्यावर टीका झाली. तेव्हा 1885 मध्ये जोतीराव फुले यांनी 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. 1873 साली स्थापन झालेला सत्यशोधक समाज तेव्हा अवघा बारा वर्षांचा होता. ऐक्यासाठी मौन पाळण्याचे कारण त्यांच्यापाशी नव्हते असे नाही. तरी स्वकीयांशी मतभेद दाखविणे त्यांना चळवळीशी द्रोह वाटले नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की निवडणुकीच्या तोंडावर आपल्या माणसास टोकणे म्हणजे प्रतिपक्षाच्या हाती शस्त्र देणे होय. आक्षेप क्षुल्लक नाही. प्रतिपक्षाचा संतापही पुष्कळदा स्त्रियांच्या कळवळ्यातून आलेला नसतो. परंतु ते शस्त्र मूळ वक्त्यानेच दिलेले असते. शिवाय आपल्या मौनाची किंमत स्वपक्षातील स्त्रीला मोजावी लागते. गुजरातच्या स्थानिक संस्थांत 2015 च्या निवडणुकांपासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. ज्या व्यासपीठावर तिला उमेदवार म्हणून उभे करावयाचे, तेथेच स्त्रीपण ही शिवी ठरत असेल, तर तिने बोलावे तरी कोणत्या तोंडाने?

दुसरा आक्षेप असा, की राजकारणात भाषा धारदार असायचीच. ताराबाईंची तरी कुठे मवाळ होती? खरे आहे. पण ताराबाईंनी कोरडे ओढले ते आचरणावर, आणि आचरण मनुष्यास बदलता येते. बांगड्यांच्या टोमण्यात विरोधकाच्या आचरणाचा दोष दाखविलेलाच नसतो. ज्या स्त्रिया त्या वादात कोठेच नाहीत, त्यांच्या जन्माचा उपयोग हिणविण्यासाठी केलेला असतो. कठोर शब्द आणि अपमानकारक शब्द यांतील सीमारेषा मला येथे दिसते. हेच वाक्य प्रतिपक्षाने उच्चारले असते तर आपण काय म्हटले असते, एवढे स्वतःस विचारले तरी ती रेषा बहुधा सापडते.

दुसऱ्या दिवशी मी त्या वक्त्यास भेटून हे सांगितले. तो रागावला आणि म्हणाला, "तुम्ही नेमके कोणाच्या बाजूचे?" मी आजही त्याच पक्षास मत देतो. आमचे बोलणे मात्र तेव्हापासून पूर्वीसारखे राहिलेले नाही. वहिनींना मी त्याच सायंकाळी उत्तर द्यावयास हवे होते, ही खंत त्याहून मोठी आहे.