फ्रेंच बोलणारा, फ्रेंच नसणारा

20 मार्च हा जगभरच्या फ्रेंच भाषिकांचा दिवस. 1970 साली याच तारखेला नायजरमधल्या नियामे शहरी काही देशांनी एकत्र येऊन त्यांच्या संघटनेचा पाया घातला. 'फ्रँकोफोन', म्हणजे फ्रेंच भाषिक, हा शब्द मात्र त्याच्या नव्वद वर्षे आधीचा. ओनेझिम रेक्ल्यू या फ्रेंच भूगोलतज्ज्ञाने 1880 साली तो प्रचारात आणला. माणसे वंशावरून किंवा राजावरून न मोजता बोलीवरून मोजावीत, हे त्याचे म्हणणे. हेतू तितका निर्मळ नव्हता. वसाहती फ्रान्सच्या पदरी टिकाव्यात ही इच्छा त्यामागे होतीच. पण शब्द त्याच्या हेतूपेक्षा मोठा निघाला.

महादजी शिंद्यांची कवायती फौज उभारणारा दी ब्वॉन्य घ्या. आपण त्याला सहज फ्रेंच म्हणून टाकतो. तो जन्मला 1751 साली शांबेरी गावात, आणि ते गाव तेव्हा फ्रान्सच्या नव्हे, सार्डिनियाच्या राजाच्या ताब्यात होते. भाषा फ्रेंच, राजा वेगळा. फ्रँकोफोन म्हणजे हाच तो.

आमच्या बुलढाण्याशी फ्रेंचांचा संबंध आला तो सिंदखेडराजात. जिजाऊंचे माहेर म्हणून आपण ते गाव ओळखतो. डिसेंबर 1757 मध्ये तिथेच मराठे आणि निजामअली यांची लढाई झाली. विश्वासराव आणि दत्ताजी शिंदे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला वेढ्यात सापडलेले निजामाचे सरदार रामचंद्र जाधव आणि त्यांना सोडवायला आलेला निजामअली. निजामअलीकडे इब्राहिमखान गारदी होता, बुसी या फ्रेंच सेनानीच्या कवायतीत तयार झालेला. तोच पुढे मराठ्यांकडे आला आणि 1761 साली पानिपतावर त्यांच्याच बाजूने लढला.

जुन्या मराठी कागदांत फ्रेंचांना 'फरासीस' म्हणतात, डचांना 'वलंदेज'. बुसीच्या नावाआधीचे 'मुस्यू' आपल्या कारकुनांच्या कानाला 'मुसा' ऐकू आले, म्हणून तो झाला 'मुसा बुसी'. आणि 'गारदी' हा शब्द 'पहारा' या अर्थाच्या फ्रेंच 'गार्द'वरून आला असे मानतात. इब्राहिमखान गारदी, सुमेरसिंग गारदी. कोणाचेही नाव फ्रेंच नाही. नारायणराव पेशव्यांवर 1773 साली धावून गेलेले गारदी काय फ्रेंच बोलत असतील? पण पलटणीची शिस्त अंगी आली की शब्दही चिकटला. बोली कोणती, जात कोणती, याची विचारपूस नाही. मला हा मराठी शब्द रेक्ल्यूच्या शब्दाच्या अगदी उलटा वाटतो: तिथे भाषा ओळख ठरवते, इथे हातातले काम.

भाषेवरून माणूस मोजायची रीत आपल्याकडे उशिरा आली, पण आली तेव्हा तिने आमचे नकाशे बदलले. बुलढाणा जिल्हा निजामाच्या वऱ्हाडात होता, मग इंग्रजांच्या कारभारात गेला, स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशात, 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. कचेरीतली मोहोर बदलत गेली, घरातली वऱ्हाडी तशीच राहिली. शेजारच्या, मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपुरात मराठी घरे आजही आहेत. ती मराठी भाषिक आहेत, महाराष्ट्राची रहिवासी नाहीत.

याचा खरा पेच बघायचा तर मॉरिशसला जावे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून तिकडे मजुरीला गेलेल्यांची नातवंडे-पतवंडे घरी बहुधा क्रिओल बोलतात, फ्रेंच वाचतात, आणि गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. रेक्ल्यूच्या मोजणीत त्यांना कुठे बसवायचे? तिथल्या 2011 च्या जनगणनेने सोपी वाट काढली. घरात काय बोलता, हा एक प्रश्न, आणि पूर्वजांची भाषा कोणती, हा दुसरा. पहिल्यात क्रिओल लिहिणारा माणूस दुसऱ्यात मराठी लिहू शकत होता.