युद्ध संपल्यावर युधिष्ठिराजवळ कोण बसले?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



मागच्या आठवड्यात एका ताईंनी विचारलेला प्रश्न त्यांची परवानगी घेऊन, नाव न सांगता इथे मांडतो. "घरचे फौजेतून पेन्शनवर आले. सकाळी पूजा करतात, माळ ओढतात, सत्संगालाही येत होते. आता दोन महिने झाले, कोणाशी बोलतच नाहीत. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत अंगणात बसून राहतात. परवा म्हणाले, मी नसलो तरी तुमचे काही अडणार नाही. आमचे नाम कमी पडून राहिले का?"

नाही ताई, नाम कमी पडलेले नाही. आणि हा प्रश्न एकट्या तुमच्या घरचा नाही, म्हणून उत्तर सगळ्या ग्रुपांवर देत आहोत. "मी नसलो तरी" हे शब्द ज्या घरात कानावर पडले, त्या घराने बाकीचे चिंतन नंतर वाचले तरी चालेल. आधी त्यांच्याजवळ जाऊन बसा, त्यांना एकटे सोडू नका, आणि १४४१६ या नंबरवर फोन लावा. हा सरकारचा टेलि-मानस नंबर आहे. दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, हिंदीत बोलता येते, मराठीतही.

आता कथा.

अर्जुनाचा विषाद आपल्या लेकरांनाही पाठ आहे. धनुष्य हातून गळते, तोंड कोरडे पडते, अंग कापते. पण तो विषाद लढाईच्या आधीचा. लढाई संपल्यानंतरचाही एक विषाद महाभारतात आहे, शांतिपर्वाच्या सुरुवातीलाच, आणि कीर्तनात तो फार कमी ऐकायला मिळतो. का मिळत नाही ते आम्हाला कळते. जिंकलेला राजा रडतो, हे ऐकायला लोकांना आवडत नाही.

अठरा दिवसांचे युद्ध संपले. पांडव गंगेच्या काठी एक महिना सुतकात राहिले. हस्तिनापूर समोर आहे, सिंहासन रिकामे आहे, आणि युधिष्ठिर म्हणतो, मला यातले काही नको. कर्ण आपला थोरला भाऊ होता, हे त्याला कर्ण मेल्यावर आईच्या तोंडून कळले. ज्यांच्या मांडीवर खेळला ते भीष्म बाणांवर पडलेले. गुरू द्रोण त्याच्याच अर्ध्या खोट्या शब्दावर विसंबून गेले. आणि अभिमन्यू! त्या पोराला चक्रव्यूहात जा म्हणून यानेच सांगितले होते. युधिष्ठिर म्हणतो, तेव्हापासून मी अर्जुनाच्या नजरेला नजर देऊ शकत नाही, कृष्णाच्याही नाही. शेवटी तो सगळ्यांचा निरोप मागतो. मी इथेच बसतो, अन्न-पाणी सोडतो, हे शरीर इथेच वाळून जाऊ द्या.

धर्मराज म्हणतो हे. ज्याच्या तोंडून धर्म बोलतो असे आपण मानतो, तो. मग त्याची भक्ती कमी पडली होती का? त्याला ज्ञान नव्हते का? ज्याच्या हातून किंवा ज्याच्या डोळ्यांसमोर माणसे गेली, त्याच्या मनाला जखम होते. ती वर दिसत नाही, आणि लढाई जिंकल्याने ती भरत नाही. महाराज म्हणतात, ज्याचा श्वास कोंडला आहे त्याच्यासमोर पाप-पुण्याची वही उघडून बसू नये.

त्याच्या घरच्यांनी काय केले, ते नीट पाहण्यासारखे आहे. अर्जुन चिडला. भीम तर फार कडू बोलला. नकुल-सहदेवांनी समजावले. आपल्या घरात होते तसेच झाले बाप्पा, सगळ्यांनी आपापल्या स्वभावाप्रमाणे बोलून घेतले आणि कोणाच्याच बोलण्याने लगेच फरक पडला नाही. पण कोणी उठून गेले नाही. एक थकला की दुसरा बोलायला लागायचा.

त्या रागातही दोन गोष्टी फार शहाणपणाच्या बोलल्या गेल्या. भीम म्हणतो की रोग दोन प्रकारचे, एक शरीराचा आणि एक मनाचा, आणि एकातून दुसरा उपजतो. द्रौपदी म्हणते की ज्याचे मन असे वाट सोडून चालले त्याला धूप, अंजन, नस्य देऊन औषधोपचार करावा. म्हणजे व्यासांच्या काळीही घरातल्या बाईला कळत होते की हे वैद्याचे काम आहे. आणि आज आपल्यातले काही जण विचारतात, गुरू केलेल्या माणसाला मनाच्या डॉक्टरकडे नेले तर श्रद्धेला बाधा येईल का! शुगरची गोळी घेताना हा प्रश्न कोणाला पडत नाही.

भीमाचे एक म्हणणे मात्र आम्हाला पटत नाही. तो म्हणतो, आता तुझे युद्ध तुझ्या मनाशी आहे, इथे बाण कामाचे नाहीत, मित्र नाहीत, भाऊबंद नाहीत, तुला एकट्यालाच लढायचे आहे. बोलला खरा, पण बोलताना तो स्वतः तिथेच उभा होता!

पुढे व्यास त्याला थांबवतात, आणि अर्जुनाला एक गोष्ट उमगते. आपले बोलणे भावाच्या आत पोचत नाही. तेव्हा तो कृष्णाला म्हणतो, दादा शोकाच्या सागरात बुडून राहिला, तू त्याला सावर. कारण लहानपणापासून युधिष्ठिराचा जीव अर्जुनापेक्षाही कृष्णावर जास्त होता. आणि कृष्ण बोलायच्या आधी काय करतो? त्याचा हात हातात घेतो.

आता आपल्या घरांकडे येऊ. जबलपूरचे ग्रेनेडियर्स सेंटर, सागरचे महार रेजिमेंट सेंटर, कामठीचे गार्ड्स, आपल्या भागातली पोरे अशा ठिकाणी घडली. सतरा-अठरा वर्षे नोकरी करून चाळिशीच्या आसपास शिपाई, हवालदार घरी येतो. ज्या वयात बाकीच्यांचा संसार रंगात येतो, त्या वयात याची वर्दी उतरते. इतकी वर्षे तो घरी सुट्टीपुरता आला. पाहुण्यासारखा मान, मटण-भात, निघताना बायकोच्या डोळ्यात पाणी. आता कायमचा आला तर घर त्याच्याशिवाय चालायला शिकलेले असते. शाळेची फी, रोवणीचे मजूर, सासूचे दवाखाने, सगळे तिने एकटीने पाहिले. तो कंपनीत करायचा तसा सकाळी पाचला हुकूम सोडतो, पोरे तोंड फिरवतात. मोठा भाऊ वाटणीचा विषय काढतो. निवृत्तीचे पैसे आले हे कळताच कोणकोण उसने मागायला येते ते तर सांगायलाच नको. मग बँकेच्या दारावर गार्डची नोकरी, आणि गावात सगळे म्हणतात, "साहेबांचे काय, पेन्शन सुरू आहे, कॅन्टीन आहे!"

बैहर, लांजी, परसवाड्याच्या जंगलात सीआरपीएफ आणि हॉकफोर्सच्या जवानांनी जे पाहिले, तेही ते घरी सांगत नाहीत. दिवाळीत फटाका वाजला की एखादा आत जाऊन बसतो, आणि आपण हसतो. २०२२ च्या अग्निपथ योजनेतून भरती झालेली पोरे तर चार वर्षांनी, पंचविशीच्या आतबाहेरच, परत येणार. जास्तीत जास्त २५ टक्क्यांनाच पुढे ठेवतात. त्यांचेही दार आतापासून उघडे ठेवा.

२०२२ साली सरकारने राज्यसभेत सांगितले की आधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांतले ८१९ जण आत्महत्येने गेले, त्यात ६४२ भूदलाचे. हे नोकरीत असलेले. घरी परतलेले यात नाहीत. आकडा सांगण्याचे कारण एवढेच, की ज्याच्या मनात असे येते तो भित्रा नसतो. ही माणसे सियाचीनला उभी राहिलेली आहेत.

घरच्यांनी काय पाहावे? झोप उडणे, पिणे वाढणे, सत्संग आणि जुने मित्र सोडणे, "माझा भार झाला" असे बोलणे. एक खूण विशेष सांगतो, कारण फौजी माणूस शिस्तीचा असतो. तो एकाएकी पीपीओ, बँकेचे पासबुक, सात-बारा किंवा ऋणपुस्तिका काढून बायकोला समजावू लागतो, मेडल पोराला देऊन टाकतो, आणि बरेच दिवस अस्वस्थ असलेला माणूस एकदम शांत दिसतो. घरच्यांना वाटते, बरे झाले, सावरले. त्या वेळी जास्त जवळ राहा.

आणि विचारा. सरळ विचारा, "जीव नकोसा वाटतो का? मरावे असे मनात येते का?" विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट इतके दिवस एकट्याने ओढलेले ओझे बोलायला जागा मिळते. हो म्हणाले तर घाबरू नका, रडू-ओरडू नका, शपथा घालू नका, पोरांची आण देऊ नका. ऐका. पाळीपाळीने सोबत राहा. फवारणीचे औषध घरातून हलवून दुसरीकडे कुलपात ठेवा. परवान्याची बंदूक असेल तर काही दिवस घराबाहेर, कायद्याने जमा करता येते तिथे ठेवा. ती वाईट घडी पुष्कळदा काही वेळाने ओसरते, तेवढ्या वेळात हाताशी काही नसावे.

मग डॉक्टर. मध्य प्रदेशातल्या जिल्हा रुग्णालयांत मनाच्या आजारासाठी मन कक्ष केलेले आहेत, आपल्या बालाघाटच्या जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा. ईसीएचएसचे कार्ड असेल तर त्यावर मनाच्या आजाराचेही उपचार होतात, जबलपूर आणि कामठीला मिलिटरी हॉस्पिटल आहे. नोकरीत असलेल्या जवानांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी टेलि-मानसचा वेगळा कक्ष १ डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या एएफएमसीत सुरू झाला आहे. पोलीस केस होईल म्हणून काही घरे दवाखान्यात जायलाच भितात. ती भीती सोडा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरले जाते, त्याला शिक्षा करत नाहीत, आणि त्याची काळजी घेणे सरकारचे काम ठरवले आहे. पेन्शन अडली, कागद सापडत नाही, मुलांची शिष्यवृत्ती राहिली, अशा गोष्टींनीही माणूस आतून खचतो. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, आपल्यातल्या दोघांनी सोबत जाऊन काम करून द्यावे.

अर्जुनाने केले ते आपणही करावे. त्यांचा जीव कोणावर आहे ते शोधा. बहुतेक वेळा तो पलटणीतला जुना जोडीदार असतो, पंजाबात नाहीतर साताऱ्यात राहणारा. फोन लावून द्या आणि आपण बाजूला व्हा. आपल्याशी जे बोलत नाहीत ते त्याच्याशी तासभर बोलतील.

आणि घाई करू नका जी. कृष्णाने हात धरला, युधिष्ठिर उठला, राज्याभिषेक झाला, भीष्मांजवळ बसून त्याने केवढे ऐकले! तरी भीष्म गेल्यावर गंगेच्या काठी तो पुन्हा कोसळला. पुन्हा सगळे जवळ आले. व्यासांनी पुन्हा समजावले, हाताला अश्वमेधाचे मोठे काम दिले. एकदा गोळ्या सुरू झाल्या, चेहरा हसरा दिसला, म्हणजे आपले काम झाले असे धरू नका. गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका, अंगारा-विभूती मिळाली म्हणूनही नाही. महाराजांनी हे स्पष्ट सांगितले आहे.

ज्या घरातून माणूस गेलाच, त्या घराबद्दलही बोलायला हवे. तेराव्यानंतर तिथे जाणे बंद होते. लोक कुजबुजतात, बायकोचे वागणे असेल, कर्ज असेल, आत्मा भटकत असेल. आपल्या परिवारात हे बोलणे कोणी करू नये, हात जोडून सांगतो. त्या घरात नामजप ठेवा, पितरांचे सगळे विधी इतरांसारखेच करा, त्या वहिनींना हळदी-कुंकवाला, लग्नकार्याला आग्रहाने बोलवा. गेलेल्याचे नाव घ्या, त्यांची आठवण सांगा. मुलांना खोटी गोष्ट सांगू नका. बाबांना मनाचा मोठा आजार झाला होता, त्यात तुमची काही चूक नव्हती, एवढे त्यांच्या वयाला समजेल असे सांगा. वर्षश्राद्धाच्या आधीचे आणि वर्दीच्या फोटोला हार घालायचे दिवस, १५ ऑगस्ट, ७ डिसेंबरचा ध्वजदिन, त्या घराला फार जड जातात. त्या दिवशी कोणीतरी जेवायला जावे.

ताई, तुमच्या घरी आपल्यातले एक निवृत्त सुभेदार काकाजी उद्या संध्याकाळी येत आहेत. उपदेश करायला येत नाहीत, रोवणीसाठी बांधीची पाहणी करायची म्हणून दोघे सोबत जातील. तुम्ही फोनवर सांगितल्याप्रमाणे सोमवारी दवाखान्यात जायचे ठरले आहे, गाडी आम्ही पाठवतो.

बाकी सर्वांसाठी सूचना. येत्या गुरुवारपासून आरतीनंतर अर्धा तास फौज, सीआरपीएफ, पोलीस या सगळ्या बंधूंची चहाची बैठक होईल. त्यात भाषण नाही, फोटो नाही, आणि तिथले बोलणे ग्रुपवर येणार नाही. बाजूच्या खोलीत त्याच वेळी घरच्या बाया बसतील. जे बरेच दिवस आले नाहीत त्यांच्या घरी निरोप नको, स्वतः जा आणि त्यांना सोबत घेऊन या.

जय गुरुदेव.