पन्नास काडतुसे

ज्या चुकीचे फळ केवळ आपल्यालाच भोगावे लागेल ती टाळण्यासाठी माणूस जी दक्षता बाळगतो, तिला नीती म्हणावे की नुसते व्यवहारचातुर्य म्हणावे, हा प्रश्न तर्कशास्त्र व नीतिशास्त्र शिकविण्यात ज्याची उमर गेली त्याला नवा असण्याचे कारण नाही. वर्गात मी तो कित्येकदा फळ्यावर मांडला आहे आणि घंटा होण्यापूर्वी सोडविलाही आहे. परंतु गेल्या मार्गशीर्षात तो माझ्या मानपाड्याच्या घरी पाहुणा म्हणून आला, आणि तेव्हापासून काही केल्या उठावयास तयार नाही.

त्याला घेऊन आला तो माझा एक जुना विद्यार्थी. शिक्षण संपताच तो अमेरिकेस गेला व तेथेच स्थायिक झाला. इकडे आला म्हणजे एक संध्याकाळ माझ्यासाठी राखून ठेवतो. आम्ही गच्चीत बसलो होतो. समोर येऊरचा डोंगर, आणि डोंगराच्या व आमच्या मध्ये, जेथे एके काळी भातखाचरे होती तेथे, मजल्यांवर मजले चढविलेल्या इमारती. फावल्या वेळात काय करतोस, असे मी सहज विचारले. जरा संकोचून तो म्हणाला, "सर, मी काडतुसे भरतो." मी दचकलो हे कबूल केले पाहिजे. ग्रंथालयाच्या पुस्तकाचे पान आपल्या हातून दुमडले म्हणून ओशाळणारा हा मुलगा. त्याच्या तोंडी हे वाक्य मला शोभेना. परवान्यावाचून काडतूस तयार करणे हा आपल्याकडे १९५९ च्या कायद्याने गुन्हा आहे. तिकडे तो पुष्कळांचा छंद आहे, आणि त्यासाठी लागणारी यंत्रे व मापांची पुस्तके उघड दुकानांतून मिळतात.

त्याचे रिव्हॉल्व्हर .४१ मॅग्नम या जातीच्या काडतुसाचे आहे. 'मॅग्नम' हा मूळचा लॅटिन शब्द मद्याच्या मोठ्या बाटलीस लावीत. तेथून तो अधिक दारूच्या काडतुसांकडे आला. रिव्हॉल्व्हरच्या या कुळातले वडील भावंड .३५७, हे १९३५ सालचे; .४४ हे १९५६ च्या सुमाराचे. आणि पहिले फार हलके व दुसरे फार दांडगे, तेव्हा पोलिसांच्या कामास मधले असावे म्हणून १९६४ साली.४१ जन्मास आले. पण मधल्या भावाचे जे होते तेच याचे झाले. पोलिसांना ते जड वाटले, शिकाऱ्यांनी .४४ सोडले नाही, आणि आज ते थोड्या हौशी लोकांच्या मायेवर जगत आहे. दुकानात ते क्वचित मिळते व मिळाले तर महाग मिळते. म्हणून ज्याला ते उडवावयाचे आहे त्याला बहुधा ते स्वतः भरावे लागते. माझ्या विद्यार्थ्याला त्याचे आकर्षण का वाटले हे त्याने सांगितले तेव्हा मला हसू आले, कारण ते कारण मीच त्याला शिकविलेल्या विषयातले होते. .३८ म्हणविणाऱ्या काडतुसाची गोळी वस्तुतः .३५७ इंच असते, .४४ म्हणविणाऱ्याची .४२९ इंच; .४१ ची मात्र खरोखरच .४१० इंच. "एवढे एकच नाव खरे बोलते, सर," तो म्हणाला.

मग त्याने ती कृती सांगितली, आणि ती सांगताना त्याचा सारा संकोच गेला. उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी टाकून द्यावयाची नाही. ती पुसून साच्यात दाबावयाची, म्हणजे फुगलेले अंग पुन्हा मापावर येते व बुडातली जळकी टोपी निघून पडते. तेथे नवी टोपी बसवावयाची; मग तोलून घेतलेली दारू; मग गोळी; आणि शेवटी पुंगळीचे तोंड गोळीभोवती घट्ट मुडपावयाचे, नाही तर पहिल्या बाराच्या धक्क्याने चक्रातल्या बाकीच्या गोळ्या पुढे सरकून चक्र अडते. तोलण्याचे माप ग्रेन. आपला जुना तोळा १८० ग्रेनांचा व मासा १५ ग्रेनांचा. या काडतुसाची नेहमीची गोळी २१० ग्रेनांची, म्हणजे बरोबर एक तोळा दोन मासे. दारू मात्र ग्रेनाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत मोजावयाची. सोनाराच्या दुकानात गुंजेसाठी श्वास रोखून बसणारी गिऱ्हाइके आपण पाहिली आहेत. येथे गिऱ्हाईक व सोनार एकच, आणि तागडी चुकली तर जावयाचे ते सोने नव्हे, हाताची बोटे.

हे ऐकत बसलेल्यांत आमच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ होते. याच गावात त्यांचा जन्म. आता ज्या जमिनीवर वाहने उभी राहतात तेथे त्यांच्या वडिलांचे भात उभे असे, आणि डोंगरातून उतरणाऱ्या रानडुकरांसाठी घरात ठासणीची एक बंदूक असे. अमेरिकेतली ही नवलकथा त्यांना मुळीच नवल वाटली नाही. ठासणीच्या बंदुकीचा प्रत्येक बार हातानेच भरावा लागतो. त्यांनी एवढेच विचारले की, एकदा भरलेल्यावर चुकून पुन्हा भरले तर कळते कसे? त्यांचे वडील म्हणे नळीत गज सोडून पाहत. गजावर खूण केलेली असे. ती नळीच्या तोंडाशी आली तर बंदूक रिकामी, वर राहिली तर भरलेली. अंधारात नुसत्या बोटानेही समजे.

विद्यार्थी क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, तुम्ही नेमके तेच विचारलेत," आणि त्याने ती पन्नास काडतुसांची हकीकत सांगितली.

पूर्वी तो जी दारू वापरी ती झटकन जळणारी होती व तिचे माप थोडे होते. पुंगळी अर्ध्याहून अधिक रिकामी राही. अशा पुंगळीत दुप्पट दारू पडली तरी ती बाहेर सांडत नाही, आणि वर गोळी बसली की आतले काही दिसत नाही. एका रात्री पन्नास काडतुसे भरून त्याने डबीत ठेवली, दिवा मालविला, आणि अंथरुणावर पडल्यावर त्याला आठवले की मध्येच एकदा मुलीने हाक मारली होती व आपण उठून गेलो होतो. परत आल्यावर आपण कोठून सुरुवात केली? गोळ्या बसविण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत विजेरीने डोकावण्याचा त्याचा नेम होता. त्या रात्री तो नेम पाळला होता की नाही, हेही त्याला आठवेना. मी विचारले, "मग तोलून का पाहिली नाहीस?" तो म्हणाला की, पुंगळ्यांच्या व गोळ्यांच्या वजनातच काही ग्रेनांचे अधिकउणे असते, त्यामुळे बाहेरून तोलल्याने संशय बळावतो किंवा निजतो, फिटत मात्र नाही. तो उठला, आणि हातोड्यासारखे एक साधन असते त्यात एकेक काडतूस घालून, आपटून, त्याने पन्नासच्या पन्नास मोडली. पहाट झाली. दुप्पट भरलेले एकही निघाले नाही.

त्यानंतर त्याने दारू बदलली. आता तो हळू जळणारी, फुगीर दारू घेतो. तिचे एकच माप पुंगळी जवळजवळ भरते, दुसरे घालू गेल्यास ते टेबलावर सांडते. मला ही युक्ती फार आवडली. आपण चुकणारच नाही अशी प्रतिज्ञा करणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत; आपली चूक लपू शकणार नाही अशी व्यवस्था करून ठेवणारे थोडे. गजावरची खूण करणारा तो मानपाड्याचा शेतकरी त्या थोड्यांपैकी होता.

आता माझ्यातला अध्यापक जागा झाला. मी म्हटले, तू केलेस ते उत्तमच, पण त्यात पुण्य कसले? हात तुझा होता. कांटने १७८५ साली जो दुकानदार उभा केला तो लहान मुलालाही वाजवी दरानेच माल देतो. पण गिऱ्हाईक टिकावे म्हणून देत असेल तर त्याच्या वाजवीपणाला नैतिक मोल नाही. स्वतःच्या बोटांसाठी जागलेली रात्र ही त्या दुकानदाराची रात्र आहे. शिवाय ज्या वस्तूसाठी हा सारा सोवळेपणा ती वस्तूच मुळी माणसाच्या छातीचा वेध घेण्यासाठी निर्माण झाली. फासाचा दोर चांगला वळणाऱ्याची कारागिरी आपण कोणत्या तोंडाने वाखाणावी?

दुसऱ्या आक्षेपाला त्याने उत्तर दिले नाही, आणि ते मला बरे वाटले. आपण कागदाच्या वर्तुळांपलीकडे कशावर नेम धरलेला नाही एवढेच तो म्हणाला. तेवढ्याने आक्षेप संपत नाही हे त्यालाही ठाऊक होते. त्या साधनाबद्दल माझ्या मनात आहे ती अढी आहे, व ती जावी अशी माझी इच्छाही नाही. पहिल्या आक्षेपावर मात्र त्याने दुसरीच गोष्ट सांगितली. एका मित्राने त्याच्याजवळ त्याने भरलेली पन्नास काडतुसे मागितली. मित्राचे रिव्हॉल्व्हर त्याच जातीचे, बाजारात माल नाही, आणि तो योग्य ते मोल देण्यास तयार. याने नकार दिला. जी काडतुसे तो स्वतः निःशंकपणे उडवितो ती तो मित्राला देईना. "माझ्याजवळ बसून तू स्वतः भर," एवढेच त्याला म्हणाला. मित्र काही दिवस रुसला होता.

मी विचारले, "कारखान्याचे काडतूस तर हजारो अनोळखी हातांतून येते, त्यावर विश्वास आणि स्वतःच्या हातावर नाही?" तो म्हणाला, कारखान्याजवळ दाब मोजण्याची यंत्रे आहेत, प्रत्येक घाण्याची नोंद आहे, एकाची चूक दुसऱ्याने पकडावी अशी रांग आहे, माझ्याजवळ माझे दोन डोळे आहेत, आणि मुलीने हाक मारली की ते तिकडे वळतात. स्वतःपुरता तो धोका मी पत्करीन. दुसऱ्याने तो नकळत पत्करावा असे मी कसे म्हणू?

काडतूस कोणाच्या हातचे, हा प्रश्न या देशात एकदा फार मोठा झाला होता. एनफील्ड बंदुकीच्या काडतुसांच्या वंगणाविषयी बोभाटा झाला तेव्हा, १८५७ च्या जानेवारीतच, शिपायांनी वंगण आपल्या पसंतीचे व आपल्या हाताने लावावे अशी मुभा सरकारने दिली होती. पुढे काडतूस दातांनी न तोडता हाताने फाडावे असेही ठरले. शाळेत हा इतिहास शिकताना मला कोडे पडे की मग भांडण उरले कशाचे? त्या संध्याकाळी ते थोडे उलगडले. संशय वंगणावरून निघाला तरी तो देणाऱ्यावर जाऊन बसला होता, आणि देणाऱ्याने दिलेली मुभा हीच लोकांना कबुली वाटली. विश्वास गेल्यावर दिलेला स्वहस्ताचा अधिकार आणि माझ्या विद्यार्थ्याने मित्राला आपण होऊन सुचविलेला तोच अधिकार, यांत केवढे अंतर आहे!

पण मला खरोखर अस्वस्थ केले ते या इतिहासाने नव्हे. विद्यार्थी "शंका आली म्हणून मोडली" असे म्हणाला, त्या क्षणी मला चोवीस वर्षांपूर्वीची माझी एक रात्र आठवली होती, आणि कांटचा दुकानदार मी त्याच्यापुढे उभा केला तो बहुधा तिच्या आड लपण्यासाठीच.

परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा तपासून, बांधून, लाखेची मोहर करून मी दाराशी ठेवला होता. सकाळी तो जावयाचा होता. रात्री अडीचच्या सुमारास मला जाग आली ती अशा शंकेने की, एका उत्तरपत्रिकेत शेवटच्या प्रश्नाचे गुण आतल्या पानावर देऊन ते पहिल्या पानावरील तक्त्यात मांडावयाचे राहिले असावेत. कोणती उत्तरपत्रिका ते आठवेना. निळ्या शाईतले बारीक अक्षर तेवढे डोळ्यांपुढे होते. मोहर फोडावी, दोनशेवर उत्तरपत्रिका पुन्हा उलटाव्यात, उशीर का झाला याचा खुलासा लिहावा, की निजावे? मी स्वतःशी म्हणालो, पुढे फेरतपासणी करणारे आहेत, राहिले असेल तर ते पाहतीलच. आणि मी निजलो. झोपही चांगली लागली.

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाचा १८७७ सालचा एक निबंध मी दरवर्षी शिकवितो. एका जहाजाच्या मालकाला आपले जहाज सागरास लायक नसावे अशी शंका येते. तो ती गोड युक्तिवादांनी निजवितो व प्रवासी भरून जहाज पाठवितो. क्लिफर्ड म्हणतो, जहाज सुखरूप परतले असते तरी मालकाचा दोष तसूभरही कमी झाला नसता. माझे जहाज बुडाले की तरले हे मला आजतागायत कळलेले नाही. पाच-सात गुणांनी एखाद्याचे वर्ष गेले असेल. किंवा कोणाचे काहीच गेले नसेल. पन्नास काडतुसांतही काही निघाले नव्हते. माझ्या विद्यार्थ्याने मात्र ती मोडून पाहिली, आणि मोडून पाहणाऱ्यालाच तसे म्हणता येते.

मग कांटच्या दुकानदाराचे काय? मी अजून वर्गात त्याला उभा करीन, कारण विचार म्हणून तो खरा आहे. पण स्वतःच्या बोटांसाठी जागण्याची ज्याला सवय लागली तोच पुढे मित्राच्या बोटांसाठी नकार देऊ शकला, आणि माझी बोटे ज्यात कधी सापडणार नव्हती त्या कामात मला झोप आली, ही गोष्ट त्या दुकानदाराच्या हिशेबात कोठे मांडावी हे मला सुचत नाही. शंका ऐकण्याचा सराव माणसाला बहुधा स्वतःच्या भीतीपासूनच होतो. माझ्या व्यवसायात भीती नव्हती, म्हणून सरावही झाला नाही. हे समर्थन नव्हे, निदान आहे.

जाण्यापूर्वी विद्यार्थ्याने मोबाइलवर आपल्या वहीच्या एका पानाचे छायाचित्र मला दाखविले. भरलेल्या प्रत्येक खेपेची तारीख, दारूची जात, माप, गोळी, सारे ओळीने लिहिलेले. त्या रात्रीच्या तारखेपुढे मराठीत दोनच वाक्ये होती : "मोडली ५०. कारण : शंका."

तो गेल्यावर मी माळ्यावरून त्या वर्षाची माझी रोजनिशी काढून पाहिली. दुसऱ्या दिवसाची नोंद आहे : "गठ्ठा रवाना. उत्तरपत्रिका २१२. पावती मिळाली."