दारातला वाघ

भाचीने तिच्या खोलीत, पलंगाच्या वर, वाघाचं चित्र लावलं आहे. बटबटीत डोळ्यांचा, तोंड वासलेला, तरीही मांजरासारखा घरगुती वाटणारा वाघ. वर पाइनच्या फांदीवर काळा-पांढरा मॅगपाय बसून त्याला काहीतरी सांगतो आहे. हा पक्षी आपल्या कावळ्याच्याच कुळातला. २०२५मध्ये ‘केपॉप डीमन हंटर्स’ हा ॲनिमेशनपट आला आणि ही कोरियन जोडी जगभरच्या मुलांच्या ओळखीची झाली. चित्र मलाही आवडलं. पण त्याची जागा घराच्या दारात आहे. तिथून हललं, की ते नुसतं छान चित्र उरतं.

कोरियात जोसन राजवटीत (१३९२–१९१०) नव्या वर्षाला चित्रं देण्याची रीत होती. दरबाराची स्वतःची चित्रशाळा होती, तिथे काढलेली चित्रं राजा अधिकाऱ्यांना वाटत असे. त्यांना ‘सेह्वा’ म्हणत. पुढे ही हौस सामान्यांच्या घरांत उतरली. सोलमध्ये ग्वांगतोंग पुलाजवळ चित्रं विकायला टांगलेली असत, त्याचं वर्णन १८४४च्या एका दीर्घ गीतात आहे. लोक तिथून चित्र घेत आणि दाराला चिकटवत. वाघ अनिष्टाला अडवणार, मॅगपाय चांगली बातमी आणणार. वर्षभराच्या ऊन-पावसात कागद विटला, फाटला, की नवा. चित्रकाराचं नाव बहुधा कुठेच नसे. आज आपण या चित्रांना ‘मिन्ह्वा’, म्हणजे लोकांची चित्रं म्हणतो. हे नाव जपानी विचारवंत यानागी मुनेयोशी यांच्यामुळे विसाव्या शतकात रूढ झालं; ज्यांनी ती काढली आणि दाराला लावली, त्यांच्या कानांवर ते कधी पडलं नव्हतं.

या वाघाची एक गंमत आहे. मूळ चिनी चित्रात तो वाघ नव्हताच, बिबट्या होता. चिनी भाषेत ‘बिबट्या’ आणि ‘वार्ता देणे’ या शब्दांचा उच्चार एकच, मॅगपायच्या नावात ‘आनंद’ हा शब्द, आणि पाइन म्हणजे नवं वर्ष. तिन्ही मिळून एक चित्रकोडं होतं: नव्या वर्षात आनंदाची वार्ता येवो. कोरियात येता येता बिबट्याचा वाघ झाला आणि श्लेष मोडला. काही चित्रांत तर एकाच अंगावर वाघाचे पट्टेही आहेत आणि बिबट्याचे ठिपकेही. अभ्यासक याला गफलत म्हणू शकतील. मी म्हणणार नाही. कोरियाच्या डोंगरांत वाघ खरोखर माणसं मारत होता. ज्याच्या भीतीने रात्री दार लावायचं, त्यालाच त्या लोकांनी दाराच्या राखणीला बसवलं आणि त्याचा चेहरा आपल्याला सोसवेल इतका भोळा केला. शब्दखेळ गेला, पण त्या चित्राची गरज त्यांची स्वतःची होती, म्हणून चित्र टिकलं.

दारातून आत गेलं की प्रत्येक खोलीचं चित्र वेगळं. बायकांच्या खोलीत फुलं आणि पक्ष्यांच्या जोड्या. लग्नात वैभवाच्या पियोनी फुलांचा पडदा. पुरुषांच्या बैठकीत ‘चेकगोरी’, म्हणजे पुस्तकांची चित्रं. यामागे राजा जोंगजो आहे. १७९१मध्ये त्याने सिंहासनामागे ग्रंथांनी भरलेल्या फडताळाच्या चित्राचा पडदा उभा केला आणि दरबाऱ्यांना सांगितलं, की वाचायला वेळ मिळत नाही तेव्हा निदान हे पाहून मन रमवतो. पुढे हीच चित्रं साध्या घरांत गेली, तेव्हा फडताळ नाहीसं झालं आणि पुस्तकांच्या चळतीशेजारी चष्मा, कलिंगड, फुटलेलं डाळिंब येऊन बसलं. डाळिंबाचे दाणे म्हणजे भरपूर लेकरं. राजाला वाचायला सवड हवी होती. या घरांना वाचणारा मुलगा हवा होता. पुस्तकाशेजारी कलिंगड पाहून मला त्या घरातल्या आईबापांचा आवाज ऐकू येतो.

म्हणूनच ‘कासव म्हणजे दीर्घायुष्य, मासा म्हणजे परीक्षेतलं यश’ अशा याद्यांवर माझा फारसा विश्वास नाही. याद्या खोट्या नाहीत, पण त्यांत माणूस नाही. युवराजाला देवी आल्या आणि तो त्यातून उठला, तेव्हा १८७९–८०च्या सुमारास दरबारात दीर्घायुष्याच्या चिन्हांचा दहा पानी पडदा तयार झाला. सूर्य, पाइन, करकोचा, हरिण, कासव असं सगळं त्यात आहे, आणि अखेरीस अधिकाऱ्यांची नावं. तो मुलगा पुढे सम्राट सुनजोंग झाला. पडदा आता अमेरिकेत ऑरेगन विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. त्यातल्या करकोच्याचा अर्थ मला कोशात सापडत नाही. मृत्यूच्या दारातून परत आलेलं एक मूल आठवलं की तो कळतो.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. श्रावणात देवघराजवळ जिवतीचा कागद लावणारी घरं अजून आहेत. त्यातही एक वाघ आहे, बृहस्पतीचा. तो कागद सुंदर आहे की नाही, हे आमच्या आजीने कधी पाहिलं नाही. तो कोणासाठी लावायचा, हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं: घरातल्या लेकरांसाठी. आणि पुढच्या श्रावणात नवा.

आज मिन्ह्वाच्या छापील प्रती सहज मिळतात, आणि त्या घरी आणाव्यात असंच मी म्हणेन. दिवाणखान्याच्या रंगाला काय जुळेल, हे आधी पाहू नका. परीक्षेला बसलेल्या मुलासाठी उसळी मारणारा मासा घ्या, साठीच्या वडिलांसाठी करकोचे घ्या, नुकतं लग्न झालेल्यांना पियोनी द्या, आणि देताना का ते सांगा. वाघ घेतलात तर दारात लावा. वर्षभराने तो विटेल, तेव्हा नवा आणा.